सत्याहत्तराव्या पायरीवरचा शिक्का

धंतोलीच्या कृष्णकांत पांढरीपांड्यांकडे दोन रबरी शिक्के होते. एकावर ‘थांबेल’ असं कोरलेलं होतं, दुसऱ्यावर ‘थांबणार नाही’. दिवाळीच्या साफसफाईत सुमतीबाईंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली, तेव्हा ते एका जुन्या पायमोज्यात गुंडाळलेले सापडले. ‘थांबणार नाही’ अजून ठणठणीत होता. ‘थांबेल’ची कड मात्र गेलेली होती, आणि त्यावरून आपण नोकरीत किती दिलदार होतो हे सिद्ध होतं, असं कृष्णकांतांनी चहाच्या वेळी जाहीर केलं.

“उंदरानं कुरतडलाय तो,” सुमतीबाई म्हणाल्या.

आता हे शिक्के कशाचे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पस्तीसेक वर्षांपूर्वी कृष्णकांत नागपुरातल्या एका तंत्रनिकेतनात संगणक-कक्षाचे प्रमुख होते. संगणक चार आणि पोरं एकशे वीस. त्या खोलीत देवघरात जावं तसं जायचं. चपला बाहेर, पाय पुसून आत, आणि दसऱ्याला चारही पडद्यांना झेंडूचे हार. भर मे महिन्यात नागपुरात स्वेटर घालून बसता येईल अशी ती बहुधा एकच खोली होती, आणि कृष्णकांत बसतही. अशा पवित्र जागी एका पोरानं आपला पहिला प्रोग्रॅम चालवला. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला ओळीनं दिलेले हुकूम. ह्यानं शुभारंभ म्हणून गणपतीचं नाव छापायचा हुकूम दिला, मग पुन्हा पहिल्या ओळीवर जा म्हणून सांगितलं, आणि थांबायचं केव्हा हे सांगायचंच विसरला. छपाईयंत्र गणपतीचं नाव छापत सुटलं. बटण बंद करायला कोणी धजेना, देवाचं नाव मध्येच तोडायचं कसं? शिपाई म्हणाला, “मी नाही बाप्पा.” शेवटी प्राचार्य अनवाणी आले, हात जोडून उभे राहिले आणि कागदाचं अख्खं खोकं संपेपर्यंत उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं, की यापुढे न थांबणारे प्रोग्रॅम कक्षात सोडू नयेत. खाली लिहिलं होतं, ‘अंमलबजावणी: श्री. पांढरीपांडे’.

न थांबणारा प्रोग्रॅम ओळखायचा कसा, हे परिपत्रकात नव्हतं. परिपत्रकात तसलं काही नसतंच. कृष्णकांतांनी सीताबर्डीवरून दोन शिक्के करून आणले. पोरांनी प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, कागद सरांच्या टेबलावर ठेवायचा. सर पेन्सिल घेऊन, स्वतःच यंत्र होऊन, एकेक हुकूम वाचणार आणि मग धाडकन शिक्का. ‘थांबेल’ मिळाला तर चपला काढून आत, दुसरा मिळाला तर चपला घालून घरी. अकरा वर्षं हे चाललं. पुढे ज्याच्या त्याच्या घरी संगणक आला, कोणाचं काय थांबतं नि काय नाही ते ज्याचं त्यानं पाहावं अशी तऱ्हा झाली, आणि शिक्के मोज्यात गेले. पण त्या थंडगार खोलीची आठवण निघाली की कृष्णकांत अजून तासभर बोलत.

“अकरा वर्षांत एकही चूक नाही,” ते म्हणाले. “कागद पाहिला की सांगायचो.”

“बाबा, तसं सांगता येत नाही,” मुग्धा म्हणाली.

मुग्धा ही त्यांची मुलगी. पुण्याच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. बोलली ती अगदी सहज, चकली मोडता मोडता.

“एखाद्या प्रोग्रॅमचं सांगता येईल. पण कुठलाही आणा, मी न चुकता सांगतो, हे जमणं शक्य नाही. माणसाला नाही, यंत्रालाही नाही. १९३६ सालीच सिद्ध झालंय.”

एकोणीसशे छत्तीस! म्हणजे कृष्णकांतांच्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी कुठेतरी बसून त्यांची अकरा वर्षांची नोकरी निकालात काढली होती, आणि खात्यानं त्यांना साधं कळवलंही नव्हतं.

“सिद्ध म्हणजे कसं सिद्ध?” त्यांनी बशी खाली ठेवली.

मुग्धानं इकडेतिकडे पाहिलं. समोर शेजारचे मारोतराव बसले होते. मारोतराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. रोज चार वाजता येत, पाचला “बरं, येतो मंग” म्हणत आणि सातपर्यंत बसत. सुमतीबाई ह्यावर कधी बोलत नसत, फक्त पोळ्यांची कणीक भिजवताना दोन मुठी जास्त घेत.

“समजा, तुम्ही काकांच्या समोर एक शिक्का मारलात,” मुग्धा म्हणाली, “‘आता घरी जातील’. काका तो वाचणार आणि मुद्दाम बसून राहणार. तुम्ही ‘जाणार नाहीत’ असा मारलात, तर काका तो वाचून उठून जाणार. आता बरोबर शिक्का कुठला?”

“मी काहून असा वागीन वं?” मारोतराव म्हणाले.

“समजा हो काका. अट एवढीच की ते शिक्का वाचतात आणि त्याच्या उलट करतात. असा उलटा प्रोग्रॅम लिहिता येतो. मग बाबांची पद्धत कितीही हुशार असो, तिथे चुकणारच.”

कृष्णकांतांनी बराच वेळ मारोतरावांकडे रोखून पाहिलं. मारोतराव अवघडले. “बरं, येतो मंग,” म्हणाले आणि खरंच उठून गेले. अशी घटना त्या घरात पहिल्यांदाच घडत होती.

दुसरा एखादा म्हणाला असता, असेल बुवा. पण कृष्णकांतांना ते लागलं, आणि फार लागलं. पोटच्या मुलीनं, शेजाऱ्यासमोर! त्यांनी पेटी पुन्हा उघडली. ‘थांबणार नाही’ असा शिक्का बसलेले सगळे कागद तिच्यात होते, दोनशे बारा. तीन वर्षं जपून ठेवावेत असा नियम होता आणि नंतर नष्ट करण्याचा आदेश कधी आलाच नाही, म्हणून निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ते रीतसर घरी आणले होते. आता एकेक प्रोग्रॅम चालवायचा आणि एकही थांबत नाही हे मुग्धाला दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं.

मुग्धानं आपला जुना लॅपटॉप व्हरांड्यात मांडून दिला. पहिला कागद चढवला, चालू केला. तास झाला, थांबला नाही.

“झालं सिद्ध!”

“आणि दुसऱ्या तासाला थांबला तर, बाबा?”

कृष्णकांत पुन्हा पडद्यासमोर बसले. दुसरा तास झाला, मग दुपार झाली. बातमी फाटकाबाहेर गेली. धंतोलीत घराच्या तिन्ही बाजूंना दवाखाने, त्यामुळे पांढरीपांड्यांच्या कुंपणाच्या कट्ट्यावर विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या गावचे पेशंटचे नातेवाईक कायम बसलेले असतात. वाट पाहणं ह्या विषयातला त्यांचा अधिकार मोठा. एक म्हणाले, तीन दिवस धरा. एका बाईंच्या मते अमावास्या जाऊ द्यावी. सावनेरहून आलेले एक गृहस्थ बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. ते म्हणाले, “आमचा डॉक्टर बी असाच आहे जी. पाहू म्हणते. केव्हापर्यंत पाहू, ते नाही सांगत.” सुमतीबाईंनी त्यांना चहा दिला.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप तापला. मारोतराव पुन्हा येऊ लागले होते. त्यांनी सल्ला दिला, “कूलरसमोर ठेवा न गा. अजून खिडकीतच तं आहे.” सल्ला देऊन ते थांबले नाहीत, कूलर सुरूही केला. नागपूरचा कूलर दिवाळीपर्यंत नुसता पडून होता. टाकीत साठलेलं सगळं पाणी त्यानं एका फवाऱ्यात लॅपटॉपवर सोडलं. पडदा काळा झाला.

“थांबला न!” मारोतराव आनंदानं म्हणाले.

“मशीन थांबलं! प्रोग्रॅम नाही!” कृष्णकांत ओरडले. ह्या दोन गोष्टींतला फरक त्यांनी मारोतरावांना, कट्ट्याला आणि दुधवाल्याला समजावून सांगितला. कोणाला पटला नाही. लॅपटॉप दोन दिवस गव्हाच्या कोठीत पुरून ठेवला, तेव्हा कुठे तो पुन्हा सुरू झाला. सुमतीबाईंनी त्या दोन दिवसांत भाकरी केल्या.

मग एकेका कागदाला तासभरच द्यायचा असं ठरलं. बावीस झाले, आणि निघाला तेविसावा कागद.

वर नाव होतं, हेमराज धकाते, दुसरं वर्ष. अक्षर मोत्यासारखं. प्रोग्रॅम जेमतेम सहा ओळींचा. एक आकडा घ्या. सम असेल तर निम्मा करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. एक येईपर्यंत हेच करत राहा, एक आला की थांबा. समासात कृष्णकांतांची स्वतःची पेन्सिल होती. कुठलाही प्रोग्रॅम ते सत्तावीस आकडा घालून तपासत, सत्तावीस ही त्यांची जन्मतारीख. सत्तावीस, ब्याऐंशी, एक्केचाळीस, एकशे चोवीस... आकडे समासातून खाली, मग पाठीमागे, वर चढत, थोडे उतरत, पुन्हा चढत गेले होते. सत्याहत्तराव्या पायरीवर नऊ हजार दोनशे बत्तीस आले होते, आणि त्याच्यावर ठसठशीत शिक्का होता, ‘थांबणार नाही’.

“हा बघ,” कृष्णकांत मुग्धाला म्हणाले. “सत्तावीसचे नऊ हजार! हा काय थांबतो?”

त्यांनी सत्तावीस आकडा घातला आणि कळ दाबली. पापणी लवली तेवढ्यात पडद्यावर एक आला आणि प्रोग्रॅम थांबला.

“कूलरचं पाणी राहिलंय आत,” कृष्णकांत म्हणाले. ते पेन्सिल आणि कागद घेऊन व्हरांड्यात बसले. मारोतराव शेजारी बसून सम की विषम ते सांगू लागले. नऊ हजार दोनशे बत्तीसचे निम्मे चार हजार सहाशे सोळा. त्याचे निम्मे दोन हजार तीनशे आठ. उतारच लागला होता. मध्ये सातआठ चढ आले, पण लहान लहान. चौतिसाव्या ओळीला एक.

एकूण एकशे अकरा पायऱ्या. कृष्णकांतांनी सत्याहत्तराव्या पायरीवर, अगदी चढ संपला तिथे, पेन्सिल ठेवली होती. त्या दिवशी चहा आला होता, एवढं त्यांना आठवलं.

“तोच का हा?” सुमतीबाईंनी कागद हातात घेतला. “फाटकाशी आला होता तो पोरगा. मी पाणी दिलं होतं. ‘सर, एक डाव चालवून तं पाहा,’ म्हणत होता. तुम्ही आतूनच सांगितलं, नियम म्हणजे नियम.”

हे खरं होतं. ‘थांबेल’चा शिक्का नाही म्हणून प्रोग्रॅम चालला नाही, चालला नाही म्हणून वर्षाचं प्रात्यक्षिक मान्य झालं नाही, आणि परीक्षेला बसू दिलं नाही. पुढच्या वर्षी हेमराज धकाते आलाच नाही. कोष्ट्याच्या घरचा, घरात पहिलाच शिकणारा पोरगा. कृष्णकांतांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पस्तीस वर्षं ज्या खोलीची आठवण त्यांना गोड लागत होती, तिच्या दाराबाहेर आता एक पोरगा चपला घालून उभा होता, आणि तो काही केल्या हलत नव्हता.

मुग्धानं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. “बाबा, नुसतं बघून कोणालाच सांगता आलं नसतं. हा प्रोग्रॅम प्रत्येक आकड्याला थांबतो का, ते मोठमोठ्या गणितज्ञांनाही अजून सिद्ध करता आलेलं नाही.”

त्या क्षणापासून १९३६ सालच्या सिद्धान्तावर कृष्णकांतांची एकदम श्रद्धा बसली. त्यांनी तो मुग्धाकडून दोनदा समजावून घेतला आणि एका कागदावर उतरवून खिशात ठेवला. आता हेमराजला शोधायचा, चूक सांगायची आणि सिद्धान्तही सांगायचा, म्हणजे कोणाचाच दोष उरणार नाही, असा बेत ठरला.

पत्ता मिळवायला ते आपल्या जुन्या तंत्रनिकेतनात गेले. चौकीदारानं ओळखलं नाही. कारकुनानं सांगितलं, अर्ज ऑनलाइन करा. ऑनलाइन अर्जाला माजी कर्मचारी क्रमांक हवा होता. क्रमांक हवा असेल तर ऑनलाइन अर्ज करा, असं खाली लिहिलेलं होतं. कृष्णकांतांनी हे चक्र तीनदा पूर्ण केलं आणि मनातल्या मनात त्यावर ‘थांबणार नाही’ उमटवला. निघताना ते संगणक-कक्षाकडे डोकावले. तिथे आता जुन्या खुर्च्या ठेवतात. दाराबाहेर चपला काढायची फळी मात्र तशीच होती, आणि ते तिच्यासमोर उगीचच थोडा वेळ उभे राहिले.

घरी आल्यावर मारोतरावांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “धकाते? गांधीबागेतले हेमराज धकाते? लुगड्याचे ठोक व्यापारी? आमच्या पोरीच्या लग्नाचा सारा कपडा त्याइच्याकडूनच तं आणला.”

“मग मला आधी का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं काहून नाही?”

दुसऱ्या दिवशी मारोतरावांच्या स्कूटरवरून दोघं गांधीबागेत गेले. सुमतीबाईंनी डबाभर अनारसे बांधून दिले. कृष्णकांतांच्या एका खिशात सिद्धान्त होता आणि दुसऱ्या खिशात मोज्यात गुंडाळलेला ‘थांबेल’.

गल्लीतलं दुकान, आत पांढरी गादी अंथरलेली, कापडाचे गठ्ठे छतापर्यंत. गादीवर पन्नाशी उलटलेला एक माणूस बसला होता. चपला काढून कृष्णकांत वर चढले, तसा तो उठून उभा राहिला. “सर!” म्हणाला आणि वाकून पाया पडला. कृष्णकांतांना तेही सोसवेना. त्यांनी बसायच्या आतच तेविसावा कागद काढला.

“हेमराज, हा प्रोग्रॅम थांबतो. एकशे अकरा पायऱ्या. मी सत्याहत्तरला सोडला.”

हेमराजनं कागद हातात घेतला. स्वतःच्याच अक्षरावरून बोट फिरवलं.

“मले माहीत आहे, सर. त्याच दिवशी केला होता, तिथंच चपलाइच्या फळीजवळ बसून. ते आकडे मांडलेला कागद घेऊन तं आलो होतो तुमच्या फाटकाशी.”

कृष्णकांतांनी दुसरा कागद काढला आणि घाईघाईनं वाचायला सुरुवात केली. १९३६ साल, कुठलाही प्रोग्रॅम, न चुकता सांगणारी पद्धत, अशक्य. उलट्या मारोतरावांचं उदाहरणही दिलं. हेमराजनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“बरोबर आहे, सर. पाहून कोणालेच सांगता येत नाही,” तो शांतपणे म्हणाला. “पण चालवून तं पाहता येत होतं.”

कृष्णकांतांनी सिद्धान्ताची घडी केली आणि खिशात ठेवून दिली. एवढ्या साध्या वाक्यापुढे १९३६ साल टिकत नव्हतं. “हो,” ते म्हणाले. “चालवून पाहता येत होतं. मी पाहिलं नाही. माझं चुकलं, हेमराज.” डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

“राग होता, सर. लय दिवस होता,” हेमराज म्हणाला. “बाबा हातमागावर बसत. त्याइले वाटे, पोरगा थंड खोलीत बसून काम करन. तेवढं राहून गेलं. मंग दुकानात लागलो, संसार झाला, राग कुठं गेला ते नाही समजलं.” त्यानं अनारशांचा डबा उघडला, एक मारोतरावांना दिला, एक सरांच्या हातात ठेवला. “आईसाहेब बऱ्या आहेत न? त्या दिवशी पाण्यासंगं गूळ बी देल्ला होता त्याइनं.”

कृष्णकांतांनी ‘थांबेल’ बाहेर काढला. सोबत आणलेल्या पॅडवर दाबला आणि जुन्या शिक्क्याच्या शेजारी जागा पाहू लागले. हेमराजनं त्यांचा हात धरला.

“नका मारू, सर. सत्तावीसचं झालं. बाकीच्या आकड्याइचं कोणाले माहीत?”

त्यानं गादीखालून कापडाच्या गठ्ठ्यांवरची पुठ्ठ्याची लेबलं काढली, चांगली ओंजळभर. प्रत्येकाच्या मागे आकडे होते, निम्मे आणि तिप्पट, निम्मे आणि तिप्पट. गिऱ्हाईक नसलं की लेबलावरचा नंबर घ्यायचा आणि सुटायचं, असं त्याचं पस्तीस वर्षं चाललं होतं. सगळे एकावर येऊन थांबले होते. तरी कुठला शिक्का मारावा हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.

कृष्णकांतांनी शिक्का मोज्यात घातला. खिशातून पेन काढलं आणि कागदावर, रिकाम्या जागी, सावकाश लिहिलं, ‘चालवून पाहिला.’ खाली सही केली, तारीख घातली आणि कागद दोन्ही हातांनी हेमराजला दिला. हेमराजनं तो वाचला. कपाळाला लावला आणि गल्ल्यात ठेवला.

“बरं, येतो मंग,” मारोतराव म्हणाले आणि आणखी एक अनारसा घेऊन मांडी घालून बसले.

हेमराजनं मागून कोरं असलेलं एक लेबल सरांसमोर सरकवलं. गठ्ठ्याचा नंबर होता सातशे तीन. कृष्णकांतांनी पाय वर घेतले, चष्मा पुसला. विषम. तिप्पट करून एक मिळवला, दोन हजार एकशे दहा. तेवढ्यात फोन वाजला. सुमतीबाई होत्या.

“अहो, तीन वाजले. जेवायचे थांबलोय आम्ही. केव्हा येताय?”

कृष्णकांतांनी समोरच्या आकड्याकडे पाहिलं, मग मारोतरावांकडे पाहिलं.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले.